दुचाकीची सुटी झाकणे : एक दुर्लक्षित धोका

(रस्ता सुरक्षा अभियानाच्या निमित्ताने तालुक्यातील ग्रामसेवक, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांचे एक दिवसाचे शिबिर भरले होते. त्या वेळी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून निवृत्त झालेल्या एका शिल्प निदेशकांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



रस्त्यावरील सुरक्षिततेबद्दल बोलावयाचे म्हटले म्हणजे शिरस्त्राण, वेगमर्यादा आणि मद्यपान हे तीन विषय ठरलेले असतात. ते महत्त्वाचेच आहेत आणि माझ्या आधीच्या वक्त्यांनी त्यांचा परामर्श घेतला आहे. मी मात्र आपल्यापुढे एक अगदी लहानसा विषय घेऊन उभा आहे. मोटारसायकलची बाजूची झाकणे, मडगार्ड, साखळीचे आवरण, साडीगार्ड, हेडलाइटभोवतीचे कवच, थोडक्यात गाडीच्या अंगावर जे जे काही बसविलेले असते ते चालत्या गाडीवर जागच्या जागी कसे राहील, एवढाच तो विषय. सभागृहात येताना आवारात उभ्या असलेल्या गाड्यांवरून मी एक नजर टाकली. कोणाचीही गाडी मी दाखविणार नाही. परंतु एका गाडीचे बाजूचे झाकण सुतळीने बांधलेले आहे, दुसरीचे ट्यूबच्या पट्टीने आवळलेले आहे आणि तिसरीच्या पुढच्या मडगार्डाचा एक बोल्ट नाहीसाच झालेला आहे. तेव्हा विषय लहान असला तरी तो परका नाही.

हा विषय मी का निवडला ते आधी सांगितले पाहिजे. त्यात माझ्याकडे थोडाफार कमीपणा येतो, तो मी पत्करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी कराडहून पाटणकडे मोटारसायकलने चाललो होतो. गाडीच्या डाव्या झाकणाची एक खुंटी तुटली होती. रोज विद्यार्थ्यांना मोटार दुरुस्ती शिकविणारा मी, पण स्वतःच्या गाडीला महिनाभर सुतळीचा वेढा देऊन हिंडत होतो. मल्हारपेठ ओलांडल्यावर रस्त्यातला एक खड्डा चुकवायला मी थोडा उशीर केला. गाडीला हिसका बसला, सुतळी तुटली आणि झाकण रस्त्यावर पडले. मला त्याचा पत्ताही नव्हता. मागून सायकलवर दुधाची किटली लावून एक गृहस्थ येत होते. ते घसरत येणारे झाकण चुकविण्यासाठी त्यांनी सायकल वळवली आणि ते खडीवर आपटले. ओरडा ऐकून मी परत फिरलो. उजवे मनगट धरून ते बसले होते. मी त्यांना उठवू लागलो तेव्हा ते म्हणाले, "आधी किटली उभी करा, मास्तर." किटलीतले निम्मे दूध तोवर वाहून गेले होते. मनगटाचे हाड मोडले होते. दवाखान्याचा खर्च मी दिला, दुधाचेही पैसे दिले. परंतु दीड महिना त्या घरची धार त्यांच्या पत्नीने काढली आणि रतीबही तिनेच घातला, त्याचे पैसे कोणत्या हिशेबात धरावयाचे ते मला आजतागायत कळलेले नाही. झाकण माझ्या गाडीचे होते. हात मोडला तो मागच्या माणसाचा. हा धोका बहुधा असाच असतो. ज्याची हयगय त्याला तो क्वचितच भोवतो.

आता झाकण सुटते ते का, याकडे वळू. बहुतेकांची समजूत अशी की बोल्ट सैल पिळला गेला म्हणून सुटला. हे अर्धे खरे आहे. गाडी चालू असताना तिच्यावर नेमके काय चाललेले असते ते पाहा. आपल्या नेहमीच्या मोटारसायकलला एकच सिलिंडर असतो. तिचा इंजिनदांडा मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर तासाभरात ३ लाख फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्याला दट्ट्या एकदा वर व एकदा खाली जातो. प्रत्येक वेळी सांगाड्याला एक सूक्ष्म हिसका बसतो. म्हणजे आपण तालुक्याच्या गावी जाऊन परत येईपर्यंत झाकणाच्या प्रत्येक बोल्टाला लाखो वेळा कोणीतरी हलविलेले असते. त्यात रस्त्याचे धक्के निराळे.

बोल्ट धरून कसा ठेवतो, हेही नीट समजून घेण्यासारखे आहे. आपण पान्याने बोल्ट पिळतो तेव्हा तो किंचित ताणला जातो. डोळ्यांना न दिसणारे, मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतके हे ताणणे असते. ताणलेली स्प्रिंग जशी मूळ लांबीकडे येऊ पाहते तसा तो बोल्टही आक्रसू पाहतो आणि त्यामुळे दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. या दाबामुळे आट्यांमध्ये आणि नटाखाली जे घर्षण उत्पन्न होते, तेच नटाला मागे फिरू देत नाही. मळसूत्र म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतारच होय. उतारावर ठेवलेली वस्तू घर्षणामुळे थांबते. पण तो उतार कोणी आडवा हलवू लागले की ती हळूहळू खाली सरकते. नटाचे असेच होते. १९६९ साली गेऱ्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोगाने दाखवून दिले की नट सैल करण्याचे काम उभ्या कंपनापेक्षा आडवे कंपन कितीतरी अधिक करते. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की आट्यांतले घर्षण जणू नाहीसे होते आणि नट आपोआप मागे फिरतो. त्याच्या नावाची चाचणी जगभर आजही वापरात आहे. झाकणासाठी पुष्कळदा वापरला जाणारा ६ मिलिमीटरचा बोल्ट घ्या. त्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक मिलिमीटर. ताणच मुळात शतांश भागांचा असल्यामुळे नट फेऱ्याच्या अल्पशा भागाइतका मागे आला तरी पकड संपते. पुढे तो गळून पडेपर्यंत केवळ वेळेचाच प्रश्न उरतो.

येथे आपल्या एका आवडत्या समजुतीला धक्का देणे भाग आहे. स्प्रिंग वायसर घातला की नट सुटत नाही, असे आम्हालाही शिकविले गेले होते आणि खरे सांगावयाचे तर मीही ते पुष्कळ वर्षे शिकवीत आलो. युंकरच्या पद्धतीने तपासले असता आडव्या कंपनापुढे त्या वायसराचा फारसा टिकाव लागत नाही, असे दिसून आले आहे. पुरता दाबला गेला की तो साध्या वायसरासारखाच होतो. त्यापेक्षा ज्या नटाच्या तोंडाशी नायलॉनचे कडे बसविलेले असते तो नट पुष्कळ अधिक विश्वासाचा. नायलॉन आट्यांना घट्ट बिलगते, त्यामुळे ताण गेला तरी नट गळून पडत नाही. मात्र तो पुनःपुन्हा वापरला की कडे झिजते. पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी तो शेवटपर्यंत फिरू लागला, तर त्याचे आयुष्य संपले असे समजून नवा घ्यावा. इंजिनाच्या किंवा सायलेन्सरच्या अगदी लगत तो वापरू नये, कारण उष्णतेने नायलॉन मऊ पडते.

आट्यांवर लावावयाचा चिकट द्रवही बाजारात मिळतो. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील ट्रिनिटी महाविद्यालयाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली तो सिद्ध केला. त्याची गंमत अशी की हवा लागते तोवर तो पातळच राहतो आणि धातूच्या आट्यांमध्ये हवा मिळेनाशी झाली की घट्ट होतो. निळा सोडविता येतो. तांबडा सोडविण्यास बहुधा उष्णता द्यावी लागते, म्हणून झाकणांच्या कामी तांबडा वापरू नये. आणि एक धोक्याची सूचना : झाकणांसाठी वापरल्या जाणाऱ्या काही प्लॅस्टिकला हा द्रव लागल्यास त्यावर बारीक तडे जातात. जो बोल्ट प्लॅस्टिकला टेकतो तेथे तो न लावलेलाच बरा.

प्लॅस्टिकचा उल्लेख आलाच आहे तर त्याविषयी थोडे अधिक. जुन्या गाड्यांची अंगे पत्र्याची असत. १९७२ पासून पुढे कित्येक वर्षे महाराष्ट्रातील मध्यमवर्गाचे वाहन असलेल्या चेतक स्कूटरची बाजूची फुगीर झाकणे पत्र्याची होती. ती सैल झाली की खडखडत, आणि कडेची रबरी पट्टी बदलली की गप्प बसत. पत्रा निदान आवाज करून तक्रार तरी करीत असे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. त्यानंतरच्या दशकांत हलक्या मोटारसायकली सर्वत्र पसरल्या आणि त्यांच्याबरोबर प्लॅस्टिकची झाकणेही. आजच्या पुष्कळ स्कूटरांना, मग त्या पेट्रोलवरच्या असोत वा विजेवरच्या, बरेचसे अंग प्लॅस्टिकचेच असते. प्लॅस्टिक गंजत नाही आणि हलकेही असते. पण त्याचे धर्म लोखंडाहून निराळे आहेत, आणि लोखंडाच्या सवयीने त्याला हाताळले की ते मोडते.

पहिला धर्म असा की सतत दाबाखाली ठेवलेले प्लॅस्टिक हळूहळू दबत जाते. आज घट्ट पिळलेला बोल्ट त्यामुळे महिन्याभराने आपोआप सैल होतो. नट फिरलेला नसतो, प्लॅस्टिकच पातळ झालेले असते. यावर उपाय म्हणून कारखाना त्या भोकात एक रबरी कडे आणि त्याच्या आत लोखंडी नळीचा छोटा तुकडा बसवितो. बोल्टाचा सारा दाब ती नळी घेते आणि झाकण रबरात तरंगत राहते. ही नळी म्हणजे या साऱ्या व्यवस्थेचा प्राण आहे; आणि झाकण काढताना घरंगळून हरवणारी वस्तूही नेमकी तीच. ती हरवली की मेकॅनिक वायसर घालून बोल्ट आवळतो, रबर चेपते, प्लॅस्टिकला तडा जातो. तेव्हा झाकण काढताना खाली एक वर्तमानपत्र पसरावे आणि जे जे पडेल ते डबीत ठेवावे.

दुसरा धर्म प्रसरणाचा. प्लॅस्टिक उन्हाने लोखंडाच्या सहासात पट वाढते. सकाळच्या गारव्यात आणि दुपारी शाळेच्या आवारातील उन्हात तीस अंशांचा फरक पडला, तर चाळीस सेंटिमीटर लांबीचे झाकण जवळजवळ एक मिलिमीटरने वाढते. त्याखालचा लोखंडी सांगाडा मात्र त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकाच वाढतो. म्हणून ती भोके मुद्दाम मोठी ठेवलेली असतात. "भोक ढिले आहे" म्हणून जे लोक त्यात कागद वा चिंधी कोंबून बोल्ट कचकचून आवळतात, ते आपल्या हातांनी झाकण फोडतात.

रबराचे म्हणाल तर ते काही वर्षांत कडक होते, त्याला चिरा पडतात, आणि मग खुंटी त्यात नीट धरली जात नाही. आपल्याकडे गाडी रॉकेलने किंवा डिझेलने पुसून चकचकीत करण्याची जी रीत आहे तिने हे लवकर घडते. तेल शोषून रबर फुगते आणि सैल पडते. साबणाचे पाणी आणि फडके पुरेसे आहे. झाकण बसवितानाही खुंटीला साबणाच्या पाण्याचे बोट लावावे, म्हणजे ती सहज सरकते आणि ठोसे मारण्याची गरज पडत नाही. रबराची ही कडी सुट्या भागांच्या दुकानात अत्यल्प किमतीत मिळतात. महागड्या झाकणासाठी स्वस्तातले रबर न बदलण्याची काटकसर कोणत्या अर्थशास्त्रात बसते, हे मला समजत नाही.

वाऱ्याचा जोर कोणी लक्षात घेत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाला समोरचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे १७ किलो भाराइतका दाब देतो. ताशी ८० ला तो ३० किलोंवर जातो. वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो. झाकणाची पुढची कड जरा जरी उचललेली असली तरी वारा तिच्यात शिरतो आणि झाकण आतून बाहेर ढकलू लागतो. गावात आठवडाभर टिकलेली सुतळी महामार्गावर पहिल्या पाच मैलांत तुटते ती यामुळे.

मात्र सर्वच झाकणे सारख्या योग्यतेची नाहीत, हे ध्यानात घ्यावे. बाजूचे झाकण पडले तर ते रस्त्यावर पडते. मी सांगितले तसे ते दुसऱ्याला भोवू शकते. पुढचे मडगार्ड मात्र चालविणाऱ्याचा जीव घेऊ शकते. त्याचे बोल्ट गेले की ते चाकाबरोबर फिरू पाहते आणि टायर व काटा यांच्यामध्ये अडकते. पुढचे चाक क्षणात थांबते, गाडी थांबत नाही. म्हणून एखाद्या आठवड्यात वेळच नसेल आणि एकच गोष्ट पाहावयाची असेल, तर पुढच्या मडगार्डाचे बोल्ट पाहावेत. त्याखालोखाल साखळीचे आवरण आणि साडीगार्ड. पाठीमागे एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या आपल्या भगिनींचा पदर किंवा ओढणी चाकात गुंतू नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षक साधन असले पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ सांगतो. हात धरण्याची पकड आणि पाय ठेवण्याची जागा यांचाही उल्लेख त्याच नियमात आहे. नवी गाडी घेताच "दिसायला बरी नाही" म्हणून साडीगार्ड काढून माळ्यावर टाकणारी तरुण मंडळी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असतील. त्यांना हा नियम वाचून दाखवावा. आणि आजीला किंवा मावशीला मागे बसवून नेणार कसे, असेही विचारावे.

येथे अधिकारी व पंचायत सदस्य उपस्थित आहेत म्हणून कायद्याची आणखी एक बाजू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० प्रमाणे, साधारण काळजी घेतली असती तर कळला असता असा धोकादायक दोष असलेले वाहन सार्वजनिक जागी चालविणारा तर दोषी ठरतोच, पण ते चालवू देणाराही दोषी ठरतो. ग्रामपंचायतीची किंवा संस्थेची गाडी ज्यांच्या ताब्यात असते त्यांनी हे शब्द दोनदा वाचावेत. "शिपाई चालवीत होता" हे उत्तर पुरत नाही.

आता हाताने करावयाच्या कामाविषयी. झाकण बसविताना आधी त्याच्या खुंट्या, आकडे आणि जिभा जागेवर घालाव्यात. मग सर्व बोल्ट बोटांनी दोन-तीन आटे फिरवून सोडावेत. सर्व लागले आहेत अशी खात्री झाली म्हणजेच पाना हाती घ्यावा. एक बोल्ट पुरता आवळून दुसऱ्याचे भोक जुळवू गेले की आटे मारले जातात. स्कूटरमध्ये थेट प्लॅस्टिकात जाणारे स्क्रू असतात. त्यांना डिसमिस लावून प्रथम हलकेच उलट फिरवावे. "टक्" असा बारीक धक्का जाणवला की स्क्रू जुन्या आट्याच्या तोंडाशी आला असे समजावे आणि मग सुलट पिळावे. असे न केल्यास तो दर वेळी नवे आटे पाडतो आणि तीन-चार वेळांत भोक निकामी होते. ही युक्ती मी एका चौदा वर्षांच्या मुलाकडून शिकलो. तो त्या काळी गॅरेजवर हाताखाली काम करीत होता. ते वय शाळेत असण्याचे होते, हेही शिक्षकबंधूंच्या सभेत नमूद करतो.

बोल्ट सुटू लागला आहे हे पान्याशिवाय ओळखण्याचा एक सोपा मार्ग आहे. नट घट्ट केल्यावर त्याच्यावरून खालच्या पट्टीपर्यंत नखरंगाची एक बारीक रेघ ओढावी. रेघ सरळ आहे तोवर नट जागेवर आहे. रेघ तुटून दोन तुकडे वेगळे दिसले की तो फिरला. विमानांच्या आणि कारखान्यांच्या देखभालीत रंगाची अशीच खूण करतात. घरातल्या मुलीची बाटली विचारून घ्यावी, एवढेच.

खुंटी तुटलीच तर झाकणाच्या आतल्या बाजूस उठविलेली अक्षरे पाहावीत. 'एबीएस' असेल तर ते योग्य द्रावणाने किंवा एपॉक्सीने चांगले जोडता येते. 'पीपी' म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर कोणताही साधा डिंक त्याला धरत नाही. ते गरम हत्याराने वितळवून किंवा तापवलेली तार आत बसवून सांधावे लागते. वाटेत तुटले तर प्लॅस्टिकचा काळा पट्टा किंवा ट्यूबची पट्टी वापरण्यास माझी हरकत नाही, फक्त ती घरापर्यंत पोहोचण्यासाठी असावी. बांधलेले टोक चाकापासून, साखळीपासून आणि सायलेन्सरपासून दूर ठेवावे, आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून काही अडत नाही ना ते पाहावे. झाकण तेवढेही धरत नसेल तर काढून पिशवीत घालावे.

शेवटी एक गोष्ट राहिली. पूर्वी न खडखडणारी गाडी एकाएकी खडखडू लागली, तर केवळ झाकण दाबून आवाज बंद करू नये. इंजिन सांगाड्याला बांधणारे बोल्ट सैल झाले की कंपन वाढते, आणि त्याची पहिली वर्दी अंगावरची हलकी झाकणे देतात.

माझे बोलणे मी येथे थांबवितो, कारण पुढचे काम बोलण्याचे नाही. आठ, दहा आणि बाराचे पाने, डिसमिस, रबरी कड्यांची एक पुडी, थोडे नायलॉनचे नट आणि नखरंगाची बाटली मी बरोबर आणली आहे. अध्यक्षांची अनुमती असल्यास आपण सर्वजण आवारात जाऊ. सुतळीच्या गाडीपासून सुरुवात करू. मालकांनी किल्ली घेऊन यावे.